अडीच मापटी मीठ

गेल्या वर्षी आठ-दहा दिवस मी रोज संध्याकाळी माझ्या वडिलांच्या हाताचा वास घेत होते. आबा तालमीच्या कट्ट्यावर बसून परत आले की मी दारातच उभी असायचे. ते चपला काढायचे, मी म्हणायचे, "हात दाखवा," आणि ते उजवा हात पुढे करायचे. भज्यांच्या तेलाचा, मिसळीच्या रश्श्याचा, गेलाबाजार खाऱ्या शेंगदाण्यांचा तरी वास येईल अशी माझी खात्री असायची. एकदाही आला नाही. मी मनात म्हणायचे, धुऊन आलेत.

असं मी का वागत होते ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला मी खाष्ट वाटेन. तशी मी आहेच. पण त्या दिवसांत कारण होतं.

श्रावणात आबांचे पाय सुजले. पोटरीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. मग आडवं झाल्यावर दम लागायला लागला, आणि एका सकाळी ते कॉटवर बसून नुसते श्वास घेत होते, बोलायला श्वास उरत नव्हता. दवाखान्यात कळलं की हृदयाचं पंपाचं काम मंदावलंय आणि अंगात पाणी साठतंय. सहा दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करा म्हणून बजावलं.

घाबरून आम्ही मीठ पार बंद केलं. आठवडाभर आईनं आबांना दूधभात आणि दुधात कुस्करलेली भाकरी दिली. आठव्या दिवशी ते मोरीत भोवळ येऊन पडले. रक्त तपासल्यावर त्यातलं मिठाचं प्रमाण फार उतरलेलं निघालं. डॉक्टर आमच्यावर चिडले. ते बाहेरगावचे, नुकतेच कोल्हापुरात आलेले, बोलायला नेमके. म्हणाले, दिवसाला पाच ग्रॅम मीठ द्या, जास्त नको आणि कमीही नको, पापड-लोणचं-फरसाण बंद, आणि रोज सकाळी वजन करा. आठवड्यात दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय समजा आणि थांबू नका, घेऊन या.

पाच ग्रॅम हा शब्द ऐकून मला धीर आला. मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. पंचवीस वर्षं मुलांच्या प्रयोगांसाठी द्रावणं तयार करून देते. वजन करणं हेच माझं पोटापाण्याचं काम. लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही, त्यामुळे मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात आम्ही तिघंच. आणि तिघांत शिकलेली, मोजणारी, दवाखान्याचे कागद वाचणारी मीच. आबा जन्मभर उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ मशीनवर होते, तेही माप जाणणारे, पण ते लोखंडाचं.

आई मात्र कशाचंच वजन करत नाही. तिचं सगळं माप डब्यातल्या भांड्यांवर आणि बोटांवर. तांदूळ पितळेच्या मापट्यानं, डाळ वाटीनं, मीठ तीन बोटांच्या चिमटीनं. तेही बारीक मीठ नाही, जाडं, खडे असलेलं. आबांची आमटी आणि भाजी ती वेगळ्या लहान पातेल्यांत करायला लागली होती. तिला मी विचारलं की आबांना दिवसभरात किती मीठ घालतेस, तर तिनं चिमूट दाखवली आणि म्हणाली, सकाळी एवढं नि रात्री एवढं.

मी बाजारातून एक लहान वजनकाटा आणला. आईला सांगितलं, तू घालतेस तेवढं यावर घाल. तिला ते आवडलं नाही. कुणी आपली झडती घेतंय असं तोंड करून तिनं वाटीत मीठ टाकलं. दोन दिवस मी वजन केलं. दोन्ही दिवशी दोन्ही वेळचं मिळून अडीच ग्रॅमच्या आसपास भरलं.

अडीच, पाचाच्या निम्मे. म्हणजे ही बाई अजूनही आबांना अर्धंच मीठ देतेय, आणि हे पुन्हा एकदा मोरीत पडणार. त्या दिवसापासून मी सकाळी अंघोळ झाली की पहिल्यांदा पाच ग्रॅम मीठ मोजायचे, झाकणाच्या स्टीलच्या डबीत घालायचे आणि ओट्यावर ठेवायचे. रात्रीपर्यंत ती डबी आबांच्या जेवणात रिकामी झालीच पाहिजे असा नियम. शेजारी एक वही. त्यात तारीख, मीठ आणि आबांचं वजन.

आई पहिल्या दिवशी डबीत बघून म्हणाली, "एवढं मीठ लागत न्हाई त्यास्नी. निम्मं बास हाय."

मी काटा तिच्यापुढे सरकवला. आकडा दाखवला. म्हटलं, "डॉक्टरांनी पाच सांगितलंय. तुझ्या अंदाजावर त्यांचा जीव टांगायचा का?"

तिनं डबीचं झाकण लावलं. डबी घेऊन चुलीकडे वळली.

काट्याआधीचे दहा-बारा दिवस आबांचं वजन बासष्टवर होतं, शंभर-दोनशे ग्रॅम इकडे तिकडे. ते मी वहीत मागच्या पानावर लिहिलेलं होतं. डबी सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ते साडेबासष्ट झालं. मी म्हटलं, अशक्तपणा गेला, अंग धरतायत. दुसऱ्या आठवड्यात त्रेसष्ट. पायाच्या घोट्यावर पुन्हा फुगीर दिसायला लागलं. मी मीठ पुन्हा मोजलं. मिठाचा काटा बिघडलाय का बघायला प्रयोगशाळेतलं प्रमाणित वजन घरी आणून त्यावर ठेवलं. काटा चोख होता.

काटा चोख, मीठ पाच, आणि वजन चढतंय. मग उरलं कोण? आबा उरले. मीठ घरातून जात नसेल तर बाहेरून जात असणार. आबा रोज संध्याकाळी तासभर कट्ट्यावर जाऊन बसत, आणि कट्ट्याच्या आजूबाजूला काय काय गाड्या लागतात ते पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. माझं गणित तिथं पुरं झालं. गणित पुरं झालं की मी फार वाईट माणूस होते, कारण मग मला समोरच्याचं ऐकायची गरज वाटत नाही.

आधी मी गोडीनं विचारलं. ते नाही म्हणाले. मग सदऱ्याचे खिसे बघितले. मग हाताचा वास सुरू केला. कट्ट्यावर बसणाऱ्या त्यांच्या एका दोस्ताला रस्त्यात गाठून विचारलं, तर तो हसला आणि म्हणाला, तुझा बा आमच्यातला एक दाणा तोंडात टाकत नाही. मला वाटलं, सामील आहेत सगळे. दोन दिवसांनी मी आबांचं बाहेर जाणंच बंद केलं. चपला उचलून कपाटात ठेवल्या.

त्या दिवशी पंचाहत्तरीला टेकलेला माझा बाप खुर्चीतून उठून माझ्यासमोर उभा राहिला. मग म्हणाला, "मी भाईर कायबी खाल्लेलं न्हाई. तुझ्या आईची शपथ घेतो." त्यांनी शपथ घेतलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

मी म्हटलं, "मग वजन कशानं वाढतंय? हवेनं?"

त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे थांबले. सकाळी माणसांच्या वजनाच्या काट्यावर उभे राहायचे, मी आकडा लिहायचे, ते उतरायचे. बाहेर जाणं बंद होऊन पाच दिवस झाले तरी आकडा चढतच होता, साडेत्रेसष्ट, त्रेसष्ट आठशे. इथं तरी माझं डोकं ठिकाणावर यायला हवं होतं. पण मी संशय आईवर नेला. तिला दया येऊन ती चोरून लोणचं देत असणार. मी लोणच्याची बरणी खुणेसाठी कागद चिकटवून बंद केली. स्वतःच्या आईच्या स्वयंपाकघरात मी बरणीला कागद चिकटवला, आणि तिनं ते बघितलं.

रविवारी सकाळी आकडा चौसष्ट सातशे आला, डबी सुरू झाल्यापासून पावणेतीन किलो वर. आबांनी काट्यावरून उतरताना भिंत धरली. ओठांवर निळसर छटा होती. रिक्षात ते माझ्या खांद्यावर डोकं न टेकता सरळ बसून राहिले, आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या छातीतून घरघर ऐकू येत होती. पेठेपासून दवाखान्यापर्यंत मी एकच गोष्ट मनात म्हणत होते, की यांना काही झालं तर मी यांना शेवटचं काय बोलले होते ते मला जन्मभर आठवेल.

इंजेक्शनं दिली, ऑक्सिजनचा मास्क लावला. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं पुन्हा विचारलं तेव्हा मी वही पुढे केली. त्यांनी ती बघितली, मान डोलावली आणि इंग्रजीत मला म्हणाले की पेशंट बाहेर खात असणार. मी मराठीत, आबांना ऐकू जाईल असं म्हणाले की मीही हेच सांगतेय. आबांनी मास्कच्या आतून माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बरंच पाणी उतरलं. मास्क निघाला. दवाखान्यातलं जेवण आलं, पांढरीफटक खिचडी आणि उकडलेला दुधी. आबांनी दोन घास घेतले आणि ताट सारलं. त्यांना आमची चटणी पाहिजे होती. कोल्हापुरातल्या घरात चटणी म्हणजे वर्षाची कांडून ठेवलेली लाल चटणी, मिरचीत कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने, सगळं घालून केलेली. आमटीला तीच, भाजीला तीच, आणि नुसती तेल घालून भाकरीबरोबर पण तीच. आईनं ती लहान बाटलीतून आणली होती. तिनं झाकण उघडलं, तेवढ्यात सलाइन बघायला आलेली सिस्टर थांबली. ती पेठ वडगावची होती.

"मावशी, चटणी नगं," ती म्हणाली. "चटणीत मीठ असतंय की. आमच्यात तर मापट्यानं घालत्यात."

एवढं बोलून ती पुढच्या कॉटकडे गेली. आईनं झाकण लावलं. मी मात्र त्या बाटलीकडे बघत राहिले, कारण आमच्या चटणीचं मापटं मी भरलं होतं.

एप्रिलमध्ये आईचे गुडघे धरले होते, म्हणून त्या वर्षी डंकावर मी गेले होते. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं वरून खाली आदळत असतात आणि समोर बायका आपापली पातेली घेऊन नंबर लावून बसतात. मीठ शेवटी, कांडता कांडता घालायचं, म्हणजे चटणी वर्षभर टिकते. निघताना आईनं पाच किलो मिरचीला दोन मापटी मीठ सांगितलं होतं आणि वर काहीतरी म्हणाली होती, सपाट भर असंच असणार. मी तेव्हा स्कूटरची किल्ली शोधत होते. डंकावर मी दोन मापटी भरली, शिगेला, वर टेकडी येईपर्यंत. लहानपणी कुणाला जोंधळा किंवा तांदूळ द्यायचे तर आई माप असंच भरायला लावायची. सपाट माप दिलं की ती मला कद्रू म्हणायची. हात तसाच वळला. त्यात डंकवाल्या बाईनं चटणीची चव बघितली आणि म्हणाली, "आणि जरा घाला की. पावसाळ्यात बुरशी धरली तर माझ्या नावानं खडं फोडशीला." मी आणखी अर्धं मापटं घातलं. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

आबांना आईवर सोपवून मी घरी गेले. वाटेत जाड्या मिठाचं पाकीट घेतलं. भर दुपारी स्वयंपाकघरात दार लावून मी ते पितळेचं मापटं काट्यावर ठेवलं आणि आकडा शून्य केला. मापटं म्हणजे अर्धा किलो असं सगळे म्हणतात, मीही तसंच धरून चालले होते. अर्धा किलो जोंधळ्याचा होतो. मीठ त्याच भांड्यात जड भरतं. सपाट भरलं तर काट्यानं सहाशे पंच्याण्णव दाखवलं. शिगेला भरलं तर आठशे तीस. हे मला कळायला नको होतं का? पंचवीस वर्षं मी मुलांना सांगते की सारख्या भांड्यात दोन वस्तूंचं वजन सारखं नसतं. पहिल्या तासाचा पहिला धडा आहे तो.

मग मी बेरीज केली. दोन शिगेची आणि एक अर्धं, मिळून दोन किलो मीठ. डंकावर तयार चटणी तेरा किलो भरली होती, ते मला आठवत होतं. म्हणजे शंभर ग्रॅम चटणीत पंधरा ग्रॅम मीठ. आईच्या चमच्यानं आबांच्या दिवसभराच्या जेवणात जाणारी चटणी मी वाटीत काढून मोजली. पंचवीस ग्रॅम. त्यात मीठ जवळजवळ चार.

माझ्या डबीतले पाच आणि हे चार. आबा महिनाभर दिवसाला नऊ ग्रॅम मीठ खात होते, घरात, माझ्या देखरेखीखाली, चोख काट्यावर मोजून. वहीचं मागचं पान मी उघडलं. बासष्ट, बासष्ट, बासष्ट शंभर, बासष्ट. आईच्या चिमटीचे दिवस. तेव्हा अडीच अधिक चार, साडेसहा होत होते. पाच नव्हे, पण आबांना ते सोसत होते. सोसत नव्हतं ते मी वर घातलेलं. मी ओट्याला टेकून रडले. मला रडायला येत नाही असं घरात सगळे म्हणतात.

संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात मी आईला सगळं सांगितलं. शिगेची मापटी, वरचं अर्धं, आकडे. तिला आकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, "ते मला पयल्याच आमटीला कळलं व्हतं. औंदाची चटणी खारट हाय. म्हणून सगळ्यांच्याच जेवणात वरनं मीठ कमी घातलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. निम्मं बास हाय म्हटलं. तू काटा दावलास."

पुढं ती आणखी एक गोष्ट म्हणाली आणि ती मला फार लागली. ती म्हणाली की काट्यावर आकडा दिसल्यावर तिलाच वाटलं, आपली जीभ आता म्हातारी झाली असेल. महिनाभर ती ते पाच ग्रॅम आबांच्या ताटात घालत होती आणि प्रत्येक वेळी तिला ते खारट लागत होतं, आणि प्रत्येक वेळी ती स्वतःलाच खोटं ठरवत होती. मी जिन्यातच तिचे हात धरले. माफी मागायची आमच्यात पद्धत नाही. मी मागितली. ती म्हणाली, चल, ते एकटे हायत.

डॉक्टरांना मी सकाळी गाठून सांगितलं. बाहेर खातात हे खोटं होतं, चूक माझी होती, हे त्यांच्या समोर आणि आबांच्या कॉटजवळ उभं राहून सांगितलं. डॉक्टरांनी चटणीचं मीठ लिहून घेतलं आणि म्हणाले, इथल्या प्रत्येक पेशंटला आता हे विचारायला हवं. आबा ऐकत होते. मी त्यांना म्हटलं, "आबा, तुम्ही खरं बोलत होता. मी चुकले." त्यांनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, "व्हय." एवढंच म्हणाले, पण बोलले.

घरी आल्यावर आईनं आबांसाठी बिनमिठाची चटणी केली, खलबत्त्यात, थोडी थोडी, कारण मिठाशिवाय ती टिकत नाही. दर पंधरवड्याला पुन्हा कांडायची. मीठ ती वरून घालते, चिमटीनं. मी कधीकधी वजन करते, पण आता आधी तिला विचारते की कसं लागतंय, आणि मग काटा काढते. कधी चार भरतं, कधी पाच, एकदा साडेपाच भरलं तर तीच म्हणाली की आज हात सुटला. आबांचं वजन एकसष्ट-बासष्टवर आहे.

चपला मी कपाटातून काढून दाराशी ठेवल्या होत्या. आठ दिवस आबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. नवव्या दिवशी पाचच्या सुमाराला ते दाराशी गेले, चपलांत पाय घातले आणि मागं वळून मला म्हणाले, "जाऊ का?" या माणसानं उभ्या आयुष्यात घराबाहेर पडताना कुणाला विचारलेलं मी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "जावा की आबा. विचारताय काय." ते काठी टेकत गेले. मी तासभर घरात काही ना काही आवरत राहिले.

परत आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. दार वाजलं, चपला काढल्याचा आवाज आला, पण ते आत येईनात. मी बाहेर येऊन बघितलं. आबा उंबऱ्यापाशी उभे होते आणि त्यांनी उजवा हात पुढे केला होता.